बोरदऱ्याचं थर्माकोलचं विमानतळ

सूर्यभान गर्जे सरांना आयुष्यात एकच गोष्ट मनापासून आवडायची, ती म्हणजे दुसऱ्याला नावं ठेवणं. जामखेडपासून अठरा किलोमीटर आत, बोरदऱ्याच्या माध्यमिक विद्यालयात ते सत्तावीस वर्षं विज्ञान शिकवत होते, आणि एवढ्या वर्षांत त्यांच्या तडाख्यातून सुटलेला माणूस गावात नव्हता. मुख्याध्यापक त्यांच्या मते चालताबोलता रबरी शिक्का होता, संस्थेचे अध्यक्ष अंगठेबहाद्दर होते, आणि शिक्षण खातं म्हणजे दर सहा महिन्यांनी नवं नाव घेऊन येणारं जुनंच दुखणं. यातलं बरंचसं खरं होतं, हीच पंचाईत. खोटं बोलणाऱ्याला लोक कधीतरी अडवतात. खरं बोलून हिणवणाऱ्याला कोणी अडवत नाही, मग तो सोकावतो.

स्वतः सर काय शिकवायचे, हे मात्र त्यांना विचारायची सोय नव्हती. गाईड उघडायचं, उत्तर सांगायचं, पोरांनी उतरवून घ्यायचं. प्रयोगशाळेच्या कुलपाची किल्ली कुठं आहे हे शिपायालाही आठवत नव्हतं. 'वरच्यांनी शिकवण्यासारखं काही ठेवलंय कुठं?' एवढं म्हटलं की सर मोकळे. नाचता येईना अंगण वाकडं.

पण गावात त्यांच्या शब्दाला वजन होतं, आणि त्याला कारण होतं. सर ऊसतोड्याचं पोर. आई भागूबाई कारखान्याच्या रानात डोक्यावरून मोळ्या वाहायची, सर पाचटानं शाकारलेल्या कोपीत वाढलेले. मामाकडं राहून शिकले, बी.एस्सी. झाले, बी.एड. झाले. तेव्हापासून बोरदऱ्यात एक रीतच पडली होती. दसरा उलटला की ऊसतोडीच्या टोळ्या निघायच्या आधी आईबाप शाळेत यायचे, मुख्याध्यापकांच्या खोलीवरून सरळ पुढं जायचे आणि गर्जे सरांना विचारायचे, "सर, पोराला ठिवू का न्हिऊ?" सर 'ठेव' म्हणाले की पोर आजीजवळ राहायचं. 'ने, इथं नुसती बाकडी मोडतंय' म्हणाले की ते ट्रकवर चढायचं. आपल्यातलाच शिकलेला माणूस चुकीचं कशाला सांगेल, असं लोक धरून चालायचे.

यंदा सप्टेंबरात सरांना पाच दिवसांच्या प्रशिक्षणाला जावं लागलं. नववीच्या मुलांना प्रकल्पातून व्यवसाय मार्गदर्शन कसं करायचं, असा विषय. जागा जिल्ह्याच्या गावी, एका मंगल कार्यालयात; स्टेजवर मागच्या लग्नातली खुर्ची तशीच होती. हजेरी सेल्फी काढून लावायची. गटांना नावं गुलाब, मोगरा, जास्वंद. छप्पन्न वर्षांचे गर्जे सर मोगऱ्यात पडले. तज्ज्ञ मार्गदर्शक म्हणून रविराज नावाचा सव्वीस वर्षांचा तरुण आला होता. त्यानं कधी वर्गावर पाय ठेवला नव्हता, पण वर्ग कसा घ्यावा यावर त्याच्याकडं एकशे चाळीस स्लाइड होत्या. "आजपासून तुम्ही शिक्षक नाही," तो म्हणाला, "तुम्ही सुलभक." मग पन्नाशीतल्या सुलभकांनी वर्तमानपत्राच्या सुरळ्यांचा मनोरा केला, आणि तो पडल्यावर एकेक बोट वाढवत पाऊसटाळी वाजवली.

दुसऱ्या दिवशी सर उभे राहिले. "आमच्या नववीत सदतीस पोरं. दिवाळीनंतर उरतात चौदा. बाकीची तेवीस उसाच्या फडात. त्यांचा प्रकल्प कसा घ्यायचा तेवढं सांगा."

"खूप छान प्रश्न, सर," रविराज म्हणाला. "तो आपण पार्किंग लॉटमध्ये ठेवू." पार्किंग लॉट म्हणजे भिंतीवर चिकटवलेला एक कोरा कागद. नको असलेले प्रश्न पिवळ्या चिठ्ठीवर लिहून तिथं चिकटवायचे. सरांचा प्रश्न तिथं पाच दिवस लटकला, आणि शेवटच्या दिवशी मंडपवाल्यानं त्या कागदात उरलेली जिलेबी बांधून नेली.

सरांना वर्षभर पुरेल एवढा मालमसाला मिळाला. रविराज मधे एक गोष्ट शहाण्यासारखी बोलून गेला होता, की मुलांनी आपल्या आजूबाजूची कामं बघावीत, काम करणाऱ्यांना प्रश्न विचारावेत, स्वतः लिहावं. पण तोवर सरांनी ऐकणं सोडलं होतं. हिणवायला बसलेल्या माणसाला हिणवण्याजोगं तेवढंच ऐकू येतं.

परत आल्यावर सरांनी वर्गात सांगितलं, "आपल्या भागात कोण काय काम करतं ते विचारा आणि लिहून आणा. वरून हुकूम आहे." आणि पोरांची वाट न बघता शनिवारी जामखेडला जाऊन तयार प्रकल्पाची ऑर्डर देऊन आले. झेरॉक्सवाल्याकडं सगळं मिळतं. त्यानं विचारलं, "विमानतळ देऊ का मॉल? मॉल दोन शाळांनी नेलाय." सर म्हणाले, "विमानतळ दे." अख्ख्या बोरदऱ्यानं विमान पाहिलं ते खालूनच, पण थर्माकोलचं विमानतळ चांगलं दणकट होतं.

सांगितल्याप्रमाणं खरोखर लिहून आणणारी एकच निघाली, धनश्री. अजिनाथ आणि सविता या जोडप्याची मुलगी, चौदा वर्षांची, फारशी न बोलणारी. तिनं दोनशेपानी वही अर्धी भरून आणली होती. टोळीतल्या बायाबाप्यांना, गाडीवानांना, मुकादमाला, सगळ्यांना गाठून तिनं प्रश्न विचारले होते. सरांनी भर वर्गात वही उघडली ती शेवटच्या पानावर. तिथं लिहिलं होतं, 'मला चिटबॉय व्हायचं आहे.'

चिटबॉय म्हणजे कारखान्याचा रानातला माणूस. तो मोटारसायकलवर येतो, कोणाचा ऊस आज तुटायचा त्याची चिठ्ठी देतो, आणि मग टोळी हलते.

सर हसले. चांगले खदखदून हसले. "अगं, सगळं जग डॉक्टर-कलेक्टर म्हणतंय आणि तुझी उडी चिटबॉयवर? आणि बाईला कोण घेतं गं चिटबॉय म्हणून? फटफटीवर लुगडं गुंडाळून बसणार का तू?" सर हसले म्हणून वर्ग हसला. धनश्री खाली बघत उभी राहिली, बस म्हणेपर्यंत बसली नाही. वही सरांच्या कपाटात गेली.

दिवाळी झाल्यावर अजिनाथ रीतीप्रमाणं शाळेत आला. सर नुकतेच ऑनलाइन बैठकीतून उठले होते. प्रकल्पाचा व्हिडिओ वेळेत चढवला नाही म्हणून रविराजनं त्यांना साठ शिक्षकांसमोर नाव घेऊन झापलं होतं, आणि डोकं अजून तापलेलं होतं.

"सर, धनश्रीला ठिवू का न्हिऊ?" अजिनाथनं पायरीखालूनच विचारलं. "तिची आज्जी सांबाळाया तयार हाय. पोरगी बी ऱ्हाते म्हनती. तुमी म्हनाल तसं."

"ठेवून काय उपयोग आहे?" सर म्हणाले. "शाळेत आता शिकवणं कुठं राहिलंय, अजिनाथ? आम्ही फोटो काढतो आणि वर पाठवतो. त्यापेक्षा ती फडात चार गोष्टी शिकेल. घेऊन जा खुशाल."

हे सरांचं नेहमीचं बोलणं होतं. स्टाफरूममध्ये ते रोज चहाबरोबर असलंच बोलायचे, आणि बाकीचे मास्तर मान हलवून आपापल्या तासाला जायचे. पण अजिनाथ काही स्टाफरूममधला नव्हता. तो सल्ला मागायला आला होता आणि त्याला सल्ला मिळाला.

"बरं," तो म्हणाला. शुक्रवारी ट्रक निघाला, त्यात भांड्यांच्या पोत्यावर धनश्री बसलेली होती. सरांनी तो ट्रक शाळेच्या खिडकीतून पाहिला आणि तासावर गेले.

डिसेंबरात प्रकल्पांच्या स्पर्धेत विमानतळाला जिल्ह्यात पहिला क्रमांक मिळाला. गर्जे सरांच्या खांद्यावर शाल पडली आणि हातात 'उपक्रमशील सुलभक' असं प्रमाणपत्र आलं. सर परतीच्या वाटेवर स्वतःशीच हसत होते, की बघा, दुकानातून आणलेल्या खोक्याला नंबर देणारे हे तज्ज्ञ. दोन दिवसांनी निरोप आला, की मुलांनी स्वतः केलेल्या नोंदींची दहा पानं पोर्टलवर चढवा. नोंदी कुठून आणणार? आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? तेव्हा सरांना कपाटातली वही आठवली. तिच्यातलं काहीबाही उतरवून ढकलून द्यावं, या चोरट्या विचारानं त्यांनी ती पहिल्या पानापासून वाचायला घेतली.

तिनं लिहिलं होतं: 'गेल्या वर्षी एका सकाळी आई किती वेळा वाकते ते मी मोजले. चारशेच्या पुढे मला मोजता आले नाही, कारण मलाही बोलावले.' पुढच्या पानावर: 'चिटबॉय उशिरा आला तर टोळी बसून राहते, मग अंधारात तोडावे लागते. अंधारात बोटे तुटतात. मी चिटबॉय झाले तर वेळेवर येईन.' आणि एका पानावर फक्त प्रश्न अकरा: 'तुम्हाला दुसरे कोणते काम करायला आवडले असते? सात बायकांनी उत्तर दिले नाही. आठवी म्हणाली, झोपायला.'

सरांना लाज वाटली. साधीसुधी नाही, जेवण जाईना अशी लाज. स्वतःच्या आईला त्यांनी असला एक प्रश्न कधी विचारला नव्हता. एकशे चाळीस स्लाइडमध्ये जे कोणाला सांगता आलं नाही, ते या पोरीनं एका ओळीच्या हुकमावर करून दाखवलं होतं. आणि रविराजनं तिचं काहीच वाकडं केलं नव्हतं. तिला हसले ते गर्जे सर, आणि तिला ट्रकवर बसवलं तेही गर्जे सरांनीच.

दुसऱ्या दिवशी त्यांनी रजा टाकली. टोळी पुणतांब्याच्या बाजूला उतरली आहे एवढं धनश्रीच्या आजीकडून कळलं होतं. तीन एसट्या बदलून, चार बांध तुडवून सर फडात पोचले तेव्हा सविता मोळ्या बांधत होती. धनश्री बापाशेजारी ऊस तोडत होती. जोडप्याला टोळीत एक कोयता म्हणतात आणि एकट्या माणसाला अर्धा. मुकादमाच्या वहीत धनश्री आता अर्धा कोयता झाली होती.

"सर, तुमी हिकडं?" अजिनाथ चकित झाला. "काय झालं?"

"हिला परत न्यायला आलोय."

"तुमीच तर म्हन्ला हुता, ठिवून उपेग न्हाई."

"मी चुकीचं सांगितलं, अजिनाथ. रागाच्या भरात बोललो."

अजिनाथनं हातातला ऊस मोळीवर टाकला. "बरं," तो म्हणाला. "मंग न्या. अर्धा कोयता कमी पडंल, बघू कसं व्हतंय ते." त्याच्या आवाजात राग नव्हता, तक्रार नव्हती. त्या दिवशी पायरीखाली उभा राहून तो जसा 'बरं' म्हणाला होता तसाच आजही म्हणाला, आणि त्यानं शिव्या दिल्या असत्या तर सरांना बरं वाटलं असतं.

"मी न्हाई येत," धनश्री म्हणाली.

"का गं?"

"यून काय करू? बाईला चिटबॉय घेत न्हाईत म्हनला तुमी."

"ते मी उगाच बोललो. मला काही ठाऊक नव्हतं."

"मंग आता ठाऊक झालं का?"

"नाही," सरांनी कबूल केलं.

"मंग इचारून या," ती म्हणाली आणि पुन्हा वाकली.

कारखान्याच्या शेतकी विभागात खिडकीसमोर ऊसवाल्यांची रांग होती. सर पाऊण तास उभे राहिले. त्यांचा प्रश्न ऐकून खिडकीतला कारकून हसला. त्यानं शेजारच्याला हाक मारली, "अरे ऐक, गुरुजी काय विचारतेत, बाई चिटबॉय!" मग शेजारचाही हसला, आणि रांगेतले दोघेचौघे हसले. सरांची कानशिलं तापली, पण ते जागचे हलले नाहीत.

"हसून झालं का?" त्यांनी विचारलं. "मग सांगा."

कारकुनानं चष्मा पुसला. आमच्याकडं बारावी सायन्स नाहीतर शेतीची पदविका लागते, असं त्यानं सांगितलं. बाई नको असं कुठं लिहिलेलं नव्हतं. आजवर कुठल्या बाईनं अर्ज केला नव्हता, एवढंच.

"हे कागदावर लिहून शिक्का मारून द्या."

"शिक्का कशाला, गुरुजी? तुमच्या शब्दावर इश्वास न्हाई का कुनाचा?"

"नाही," सर म्हणाले. "आणि तिचं बरोबर आहे."

ते परत फडात आले तेव्हा दुपार कलली होती. धनश्रीनं डाव्या हातात कागद घेतला, दोनदा वाचला, शिक्का नीट बघितला. सविता मोळी बांधायची थांबली होती.

"बारावी सायन्स लागतंय," धनश्री म्हणाली. "सायन्स तुमीच शिकवता ना, सर?"

"हो."

"गाईडातलं उतरवून देता. तसलं न्हाई चालायचं. शिकवावं लागंल."

"शिकवीन," सर म्हणाले.

"कदीपास्नं?" तिनं विचारलं, आणि उत्तर मिळेपर्यंत हातातला कोयता खाली ठेवला नाही.