कोडमधलं माहेरचं नाव

लग्नात माझं नाव बदललं. तबकात तांदूळ पसरले, ह्यांनी त्यावर अंगठीने नवं नाव लिहिलं, सगळ्यांना पेढे वाटले. नाव छान होतं, खोटं कशाला बोलू? पण जुन्याचं काय करायचं, हे कोणी सांगितलं नाही.

लग्नाआधी मी महाडला एका कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवायचे. दोन हजार सालाच्या आसपासची गोष्ट. दुपारी बॅच नसली की सरांना विचारून टेलिफोनच्या तारेवरचं इंटरनेट लावायचे आणि लिहिण्याच्या एका प्रोग्रॅमवर काम करत बसायचे. प्रोग्रॅम फुकट, त्याचा कोड सगळ्यांना खुला; चूक दिसली तर कोणीही दुरुस्त करून पाठवावी. मराठी लिहिताना त्यातला कर्सर जोडाक्षराच्या पोटात जाऊन अडकायचा. मी हट्टालाच पेटले. परदेशात बसून त्या कोडची देखभाल करणारे एक गृहस्थ होते, भलतेच खडूस. माझी दुरुस्ती सारखी माघारी पाठवायचे. आई म्हणायची, पगार नाही न् पाणी नाही, कुणासाठी मरमर चाललीय हिची? शेवटी त्या गृहस्थांनी माझी दुरुस्ती घेतली, आणि काम करणाऱ्यांच्या नावांत माझं नाव लागलं, पुढे गाव महाड. त्या दिवशी बाजारपेठेतून मी नुसती मिरवत घरी आले.

मग पोलादपूर. बसने अर्ध्या तासाचं अंतर, पण सासरी कॉम्प्युटर नव्हता, आणि वर्षाच्या आत मुलगी झाली. जुनी मेल उघडलीच नाही, ती बंद पडली. मुलगी बालवाडीत जायला लागली तेव्हा ह्यांनी स्टँडसमोरच्या सायबर कॅफेत मला नव्या नावाने नवी मेल काढून दिली. कौतुकाने, बरं का. मी आधी काय केलं, तर तो कोड उघडला. माझ्याच भागात एक चूक राहिली होती. ती सुधारून पाठवली, पोलादपूर महाडजवळ आहे असंही हौसेने लिहिलं. खाली नाव नवं, आता सवयच झाली होती.

त्याच गृहस्थांचं उत्तर आलं. स्वागत आहे, नवीन आहात तर आधी सोप्या चुका हाती घ्या. हा भाग तुमच्याच बाजूच्या एका मुलीने लिहिलाय, जरा जपून. आणि शेवटी, "तिचं काहीच कळत नाही. ओळखीची असली तर सांगा, आम्ही तिची वाट बघतोय."

मला भरूनच आलं. आता माहेरीसुद्धा मला नव्या नावाने हाक मारायचे, सासरच्यांचं मन राखायला. आणि ज्याने माझं तोंडही पाहिलं नव्हतं, तो खडूस माणूस तिची चौकशी करत होता. मलाही ती हवी होती. दुपारभर जेवणाची शुद्ध नसलेली, एका कर्सरसाठी साऱ्या जगाशी भांडणारी ती मुलगी मला फार फार हवी होती.

मी लिहिलं, "ती मीच." तबक, तांदूळ, अंगठी हे सगळं इंग्रजीत बसवताना घाम फुटला. त्यावर गृहस्थांनी एवढंच विचारलं, या दुरुस्तीवर कुठलं नाव लावू? मी जुनं कळवलं.

प्रोग्रॅमची नवी आवृत्ती आली तेव्हा ह्यांना कॅफेत घेऊन गेले, म्हटलं, वाचा. हे पडद्याशी वाकले आणि माझं जुनं नाव माहेरच्या आडनावासकट सावकाश, मोठ्याने वाचलं. नुसतं वाचलं होतं हो, हाक मारली नव्हती. मी ओ दिली.