क्वाइट म्हणजे बरी

हॉटेलच्या केकविभागात तिला सगळे पाकळी म्हणत. साखरेचा गोळा लाटून ती गुलाबाच्या अशा पाकळ्या काढायची की उजेडासमोर धरल्या तर पलीकडचं बोट दिसावं. अंगानेही ती तशीच बारीक होती. जीभ मात्र सुरीसारखी. भांडी घासणाऱ्या मावशी तोंडाच्या फटकळ म्हणून प्रसिद्ध होत्या, पण त्याही तिच्या वाटेला जात नसत.

तिची जीभ फक्त एका माणसापुढे मऊ व्हायची, तो म्हणजे शेफ. त्यांनी सगळी जवानी अमेरिकेतल्या हॉटेलांत घालवली होती आणि केस पिकल्यावर ते बायकोला घेऊन परत आले होते. मूलबाळ नव्हतं. ही पोरगी ट्रे पुसायला लागली होती, तिथून उचलून त्यांनी तिला ओट्यापाशी उभं केलं. साखर कधी ऐकते, कधी रुसते, सगळं हातात हात घेऊन शिकवलं. कौतुकाच्या बाबतीत मात्र माणूस महाचिकट. केक फारच जमला तर नुसतं "हं" म्हणायचे. त्या एका "हं"वर पाकळी आठवडाभर हवेत असायची.

हल्ली त्यांचे हात थरथरायला लागले होते. त्यामुळे शेफची म्हणून जी फुलं गावभर गाजत होती, ती आता सगळी तिचीच होती. याबद्दल दोघांपैकी कोणी कधी चकार शब्द काढला नाही.

मग नदीपलीकडे नवीन मोठं हॉटेल उघडलं आणि त्यांना केकविभागाला मुख्य हवी होती. पाकळीने भीतभीत शेफना विचारलं.

"जा की," ते म्हणाले. "इथे माझ्या सावलीत किती दिवस राहशील?"

मुलाखत चांगली झाली. तिथल्या मॅनेजरबाई म्हणाल्या, तुमच्या शेफशी एकदा बोलते, मग कळवते. फोन आला तेव्हा पाकळी तिथेच क्रीम फेटत होती. सगळा जीव कानात गोळा झाला होता. शेफ पाठ ताठ करून फोनवर बोलत होते, "येस, येस. शी इज क्वाइट गुड." मग जरा थांबून, एकेक शब्द तोलून, पुन्हा, "क्वाइट गुड."

पाकळीला गुड कळलं. क्वाइट नाही कळलं, पण दोनदा म्हटलंय म्हणजे मोठंच काहीतरी असणार. घरी येऊन तिने नवऱ्याला हाताला धरून गोल फिरवलं. तो बिचारा चष्म्याच्या दुकानात दिवसभर उभा राहून आलेला. "अगं पडेन," म्हणत तोही हसत सुटला.

नोकरी दुसरीलाच मिळाली.

पाकळी गप्प बसणारी नव्हती. तिने मॅनेजरबाईंना फोन लावला आणि माझं काय चुकलं, ते सरळ विचारलं. बाईंनी आधी टाळाटाळ केली, मग म्हणाल्या, "हे बघा, तुमच्याच शेफनी 'क्वाइट गुड' सांगितलं. आम्हाला उत्तम हवी होती."

ती तशीच नणंदेकडे गेली. नणंद शाळेत इंग्रजी शिकवायची.

"वन्सं, क्वाइट म्हणजे काय हो?"

"कशाच्या आधी लागलंय, त्यावर आहे ते."

"गुडच्या."

वन्सं वह्या तपासत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "मग गुड एक पायरी खाली उतरतं. आपण नाही का, पाहुण्यांकडे भाजी कशी झालीय विचारलं की 'बरी आहे' म्हणतो? तसं. बरी. चालेल. का गं?"

"काही नाही," पाकळी म्हणाली आणि पाणीसुद्धा न पिता निघाली.

बरी! वाटेत तिने तो शब्द चावून चावून चोथा केला. दुसऱ्या कोणी म्हटलं असतं तर तिने तिथल्या तिथे त्याचे वाभाडे काढले असते. पण ज्याची फुलं आपण करतो, ज्याची अब्रू आपल्या बोटांवर उभी आहे, त्याने आपल्याला बरी म्हणावं? तेही आपल्याच समोर, आपल्याला कळत नाही त्या भाषेत? आता तिला सगळं लख्ख दिसायला लागलं. म्हाताऱ्याला ती सोडायचीच नव्हती. ती गेली तर थरथरते हात उघडे पडले असते. तोंडावर 'जा की', आणि फोनवर पाय ओढायचा!

नवरा म्हणाला, "एकदा विचार तरी त्यांना."

"विचारायला काय ठेवलंय?"

ती कामावर जात राहिली. पहिल्यापेक्षा गोड बोलायला लागली. शेफ एकदा म्हणाले, "त्या लोकांना काय झालं कोण जाणे. नशीब त्यांचं फुटकं." ती हसली. पोटात मात्र निखारा होता, आणि रोज सकाळी ती त्यावर फुंकर मारून मगच घराबाहेर पडायची.

संधी चालून आली. हॉटेलच्या मालकांच्या आईचा मोठा वाढदिवस होता. पाच मजली केक, सगळ्या अंगावर साखरेची फुलं, आणि तो मांडताना शेफनी पाहुण्यांसमोर उभं राहायचं. मालक त्याच दिवशी त्यांना सगळ्या स्वयंपाकघरांचे प्रमुख करणार, अशी कुजबुज होती. पाकळीने फुलं घरी करायची परवानगी मागितली. इथे ओव्हनच्या वाफेने साखर घाम सोडते, म्हणाली. शेफना पटलं.

तिने फुलं खरोखर केली. आयुष्यात केली नव्हती इतकी सुंदर. गुलाब, कळ्या, शिरा दिसणारी पानं. टेबलावर मांडून तिने ती डोळे भरून पाहिली. मग पातेल्यात पाणी तापवलं आणि एकेक उचलून त्यात सोडलं. शेवटच्या कळीपाशी हात जरा अडला. मग तीही गेली. खाली नुसता गुलाबी पाक राहिला.

वाढदिवसाच्या सकाळी फोन वाजला.

"पाकळी, कुठे आहेस? केक उघडा उभा आहे!"

"घरी आहे, शेफ."

"फुलं?"

"फुलं जमली नाहीत. क्वाइट गुड झाली होती. तुमच्या केकला क्वाइट गुड कशी चालतील? टाकून दिली."

 तिने फोन ठेवला. तिला इतकं हलकं वाटलं की तिने खिडक्या उघडून सगळं घर झाडून काढलं.

पुढचं तिला भांडीवाल्या मावशींकडून कळलं. शेफनी स्वतः क्रीमची फुलं काढायला घेतली. मालक मध्येच आत आले आणि त्यांनी ते हात पाहिले. प्रमुखपद राहिलं बाजूला, महिना सरायच्या आत शेफना हार घालून घरी बसवलं. पाकळी हॉटेलात परतली नाही. तिने घरातच केक करायला सुरुवात केली आणि गिऱ्हाईकही येऊ लागलं.

एक दिवस दारात शेफच्या बायको उभ्या. पाकळीने पूर्वीसारखं पटकन "काकू" म्हटलं, आणि मग तोंड घट्ट मिटलं.

काकू बसल्या नाहीत. "तुझा एक शब्द ते रोज उकरतात. क्वाइट गुड. मला कळेना, म्हणून विचारायला आले."

पाकळीने सांगितलं. मॅनेजरबाई, वन्सं, भाजी, सगळं. काकू ऐकता ऐकता खाली बसल्या.

"अगं, आम्ही अमेरिकेत राहिलो, तिथे क्वाइट म्हणजे खूप. चांगलंच. तिथे त्यांना कोणी क्वाइट गुड म्हटलं की घरी येऊन दहा वेळा सांगायचे. त्या मॅनेजरबाईंचा फोन येऊन गेला, त्या रात्री जेवले नाहीत. म्हणाले, पोरगी गेली आता आपली, मी दोनदा सांगितलं त्यांना."

पाकळीचे हात पिठात होते. ते तिने बाहेर काढले नाहीत. "मग व्हेरी म्हणायला काय जीभ झिजत होती?" ती म्हणाली. 

"मग विचारायला तुझी झिजत होती का?" काकू उठून चालत्या झाल्या.

दोन दिवस ती तळमळली. तिसऱ्या दिवशी ती शेफच्या घरी गेली. त्यांनीच दार उघडलं. एक हात दुसऱ्या हाताने घट्ट धरलेला.

"शेफ, माझा गैरसमज..."

"काकूने सांगितलं मला," ते म्हणाले. "तुझ्या जागी दुसरी कोणी असती तर मी समजून घेतलं असतं. तू माझे हात जाणत होतीस. तुला ठाऊक होतं कुठे मारलं की लागेल, आणि तू तिथेच मारलंस. आता मी काय बोलतोय ते नीट कळतंय ना? पुन्हा या दारात यायचं नाही."

दार आपटलं नाही. हळूच लागलं, आणि आतली कडी दोनतीनदा घसरून मग बसली.

पाकळी जिना उतरली. मॅनेजरबाईंना शिव्या घातल्या, वन्संना घातल्या, काकूंना घातल्या. रस्ताभर ती कोणाकोणाचा सूड घ्यायचा ते ठरवत होती, आणि प्रत्येक नाव दोन पावलांत हातातून निसटत होतं. घरी पोचली तेव्हा नवऱ्याने विचारलं, "काय म्हणाले?"

"मर म्हणाले," तिने खोटंच सांगितलं, आणि नळ सोडून हात घासत राहिली.