अडतीस नंबर

बोरिवलीतल्या एका होजियरीवाल्याने मला एकवीस वर्षं फसवलं. मला चौतीसचा घेर लागतो. तो मला अडतीस नंबर देत राहिला आणि मी पैसे मोजून घेत राहिले.

लिहिताना माझी मलाच चीड येते, कारण मी फसणारी बाई नाही. एका शेगडीवर पोळी-भाजी केंद्र सुरू केलं, आज चार बायका माझ्याकडे कामाला आहेत. गव्हाच्या पोत्यात कोपरापर्यंत हात घालून मी तळाचा दाणा बघते. मला लांबून येताना बघितलं तरी भाजीवाला म्हणतो, "आली बाई, आता आमची बोहनी गेली." ब्लाउज अर्धा इंच सैल झाला तर टेलरला समोर उभं राहून उसवायला लावते.

पण ब्रा घ्यायची म्हटली की ही बाई कुठे गायब व्हायची कोण जाणे. दुकानात पुरुष गिऱ्हाईक असेल तर मी बाहेर लटकवलेले रुमाल चाळत उभी राहायची. तो गेला की आत शिरून हळूच म्हणायची, "ते... आतलं." दुकानदार काउंटरपलीकडून एकदा बघायचा, पापणी लवायला लागते तेवढाच वेळ, आणि म्हणायचा, "अडतीस." वर्तमानपत्रात गुंडाळायचं, काळ्या पिशवीत टाकायचं, संपलं. भिंतीवर पाटी होतीच, आतले कपडे बदलून मिळणार नाहीत. भाव मी कधी केला नाही. खरं तर डोळे वर करून त्याच्याकडे बघितलंही नाही.

ही सवय आईची. माझी पहिली ब्रा तिने मला न नेताच आणली होती, अंदाजाने. मी म्हटलं, "आई, टोचतेय." तर ती खिडकी लावून घेत म्हणाली, "हळू बोल गो, कोण आयकात." टोचतंय कुठे, ते तिने विचारलं नाही. मग मीही सांगणं सोडून दिलं.

अडतीसचा पट्टा पाठीवर वर सरकायचा, म्हणून मी खांद्यावरच्या पट्ट्या आवळायची. त्या सैल पडल्या की सेफ्टी पिन. सगळं वजन खांद्यावर. मला वाटायचं, आपलं अंगच बेढब आहे, त्याला ब्रा तरी काय करणार.

गेल्या वर्षी डाव्या हाताला मुंग्या यायला लागल्या. लाटताना पोळपाटावर हात ठेवला की करंगळी आणि शेजारचं बोट माझं नसल्यासारखं व्हायचं. मी कुणाला बोलले नाही. हार्टच असणार, असं धरून चालले होते. माझ्यामागे केंद्र कोण बघणार, कुठल्या बाईला मसाल्याचं प्रमाण सांगून ठेवायचं, हेच डोक्यात. शेवटी एका सकाळी हातातून परातच सुटली. मी तशीच दवाखान्यात गेले.

ईसीजीसाठी नर्सने वरचे कपडे काढायला सांगितले. वायरी लावता लावता ती थांबली.

"काकू, खांद्याला हे खड्डे कसले?"

"कसले म्हणजे? सगळ्यांनाच असतात."

"मला नाहीयेत," ती म्हणाली. "बोट जातंय यात. ब्रा कधी माप मोजून घेता का?"

"दुकानदार देतो ना."

"तो काय एक्स-रे काढतो?"

हार्ट ठीक निघालं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, मान आणि खांद्याजवळ नस दाबली जातेय. लाटणं हे एक कारण, खांद्यात रुतणाऱ्या पट्ट्या हे दुसरं. आधी ही ब्रा बदला, व्यायाम करा.

"बोटं पहिल्यासारखी होतील ना?"

"बघू," त्या म्हणाल्या. त्या 'बघू'ने मला किती रात्री जागवलं ते माझं मला माहीत.

नर्सनेच सांगितलेल्या दुसऱ्या दुकानात गेले. तिथे गळ्यात टेप अडकवलेली एक मुलगी पडद्याआड घेऊन गेली. "श्वास सोडा काकू. हात खाली." छातीखाली टेप लावला, मग छातीवरून. "अडतीस कोणी सांगितलं तुम्हाला? घेर चौतीस आहे. कप मोठा लागेल, हा 'बी' कप नाही, 'डी'च्याही पुढचा." कप वेगळा असतो हे मला पंचेचाळिसाव्या वर्षी कळलं. पहिल्या दोन बसल्या नाहीत. वाटलं, आपल्या मापाचं बनतच नसेल. तिसरी घातली आणि वजन खांद्यावरून उतरून बरगडीवर आलं. दोन बोटं पट्टीखाली सहज गेली. तरी हात वर करायला मी घाबरत होते, आता सरकेल, आता सरकेल. सरकली नाही.

मुंग्या कमी झाल्या, गेल्या नाहीत. करंगळी अजून सकाळी उशिरा जागी होते. कायमचीच अशी राहिली तर? लाटताना रोज एकदा तरी हे मनात येतं.

म्हणून मी त्या होजियरीवाल्याकडे गेले. दुकानात एक काका बनियान घेत होते. ते जायची वाट मी बघितली नाही.

"मला ब्रा चौतीसची लागते, मोठ्या कपात. तुम्ही अडतीस का देत होता?"

काकांनी बनियान खाली ठेवलं. दुकानदार म्हणाला, "ताई, जरा हळू."

"हळूच बोलले इतकी वर्षं. सांगा."

"मोठ्या कपाचा माल आम्ही ठेवत नाही. कंपनी डझनाखाली देत नाही, पडून राहिला तर? मग घेराचा नंबर वाढवून देतात, त्यात कपही थोडा मोठा येतो. सगळेच देतात. तुम्ही कधी तक्रार केली नाहीत."

म्हणजे त्याला माहीत होतं. मला बघून त्याचा अंदाज चुकला असता तर मी गिळलं असतं. धंद्यात माझाही चुकतो. पण त्याने बरोबर ओळखलं होतं, आणि दुकानात होतं ते गळ्यात मारलं होतं. तक्रार मी केली नाही, हेही खरंच. का केली नाही, याचं उत्तर मी स्वतःला रोज देते. त्याच्या वागण्याचं त्याने द्यावं.

मी स्टूल ओढून काउंटरसमोर बसले.

"माझ्याकडे तुमचं माप नाही, दुसरीकडे बघा, एवढं एक वाक्य एकवीस वर्षांत तुमच्या तोंडातून का आलं नाही? ते सांगा. मी बसलेय."