नदीच्या अलीकडचं डाळिंब

गेल्या मंगळवारी निरवांगीला आमच्या डाळिंबाची तोड होती. शैला गेल्यानंतरची पहिलीच... बारामतीहून पहाटे निघालो आणि बांधावर पोचलो, तेव्हा नीरेवरचं धुकं अजून बागेतच होतं.

मी इथे फारसं लिहीत नाही. माझी सगळी नोकरी एमआयडीसीतल्या डेअरीत गेली. बाग माझ्या बायकोची, शैलाची. मी फक्त रविवारी येऊन ती सांगेल ते करायचो.

तिचं माहेर नदीपलीकडे, सोलापूर जिल्ह्यात. आमच्या बांधावरून तिच्या भावाची, सुनीलची बाग दिसते. थंडीत तिकडे कुणी कुणाला हाक मारली तर इकडे ऐकू येते... त्या सकाळी मला उगीचच दोनदा वाटलं, कुणीतरी बोलावतंय.

आमची झाडं तिकडूनच आली. सुनीलच्या झाडांच्या फांद्यांची साल सोलून, ओलं शेवाळ बांधून तिने कलमं तयार केली. मुळं फुटल्यावर ती मोटारसायकलवर थोडी थोडी करून आम्ही पुलावरून आणली. पूल संपेपर्यंत ती एक शब्द बोलायची नाही... रोपांना वारा लागू नये म्हणून पदर धरून बसायची.

आता तिकडच्या डाळिंबाला जीआय मानांकन मिळालंय. म्हणजे सोलापूर डाळिंब हे नाव तिथल्या, नोंदणी केलेल्या शेतकऱ्यांनीच लावायचं. सुनीलने नोंदणी केली आहे, आणि चांगला भाव देणारे व्यापारी त्याच्या दारात येतात. आमचा सातबारा पुणे जिल्ह्यातला. झाड तेच, नदी तीच, पण ते नाव आमचं नाही.

सकाळी सुनील टेम्पो घेऊन आला. मागे त्याचे छापील खोके.

"दाजी, औंदा तुमचा माल माझ्या खोक्यात जाऊ द्या. व्यापारी दुपारी येतोय."

"असं चालतं का?"

"न चालायला काय झालं? झाडं आमच्याच मळ्यातली. आक्कानं नेल्यात. तिच्या माहेराचं नाव लावलं तर काय पाप हाय?"

कोंडाबाई पहिल्या लागवडीपासून आमच्याकडे कामाला येते. ती झाडाआडून हसली. "घ्या दादा! सुनीलराव कधी कुणाला काय फुकट देत न्हाईत. आज देत्यात तर घ्या. फळाला काय ठावं जिल्हा?"

मी हो म्हणालो. खरं सांगायचं तर बरं वाटलं... जणू शैला चार दिवस माहेरी चाललीय, आणि मी तिला पुलापर्यंत सोडायला निघालोय.

पत्र्याच्या शेडमध्ये बसून आम्ही खोके भरू लागलो. धुकं विरत होतं, फळं अजून गार होती. प्रत्येक खोक्यावर मोबाईलने स्कॅन करायचा एक चौकोन होता. मी सहज फोन धरला.

स्क्रीनवर सुनील आला. हसरा फोटो, त्याचं गाव, त्याचा गट नंबर... आणि खाली, 'हे फळ या बागेत पिकले आहे.'

मी किती वेळ बघत बसलो, आठवत नाही. कुठल्यातरी लांबच्या शहरात कुणीतरी हे डाळिंब सोलणार. फार गोड लागलं आणि कुणी पिकवलं म्हणून बघितलं, तर फोन भलतीच बाग दाखवणार. घरातून ती गेलीच होती... आता इथूनही तिला मीच पुसत होतो, स्वतःच्या हाताने.

"सुनील, खोके परत घेऊन जा."

"आता काय झालं?"

"यात ती नाही."

त्याने फोन बघितला आणि तो चिडला. "मग हिकडं माल ओतून या बाजारात! भावात मार खाल. आन् मी काय तुमाला परकं समजतो व्हय?"

"परका नाहीस. पण उद्या कुणी तपासलं तर तुझी नोंदणी जाईल. आणि ही बाग तिची आहे."

कोंडाबाई हळूच म्हणाली, "वैनी असत्या तर दोघांचं बी कान धरलं असतं."

सुनील बांधावर जाऊन नदीकडे तोंड करून बसला. मागे न वळताच म्हणाला, "त्यो फोटू आक्कानंच काढलाय. जरा हस की मेल्या, म्हणली..."

मी पुन्हा फोटो उघडला. सुनील कॅमेऱ्याकडे बघतच नव्हता. त्याची नजर थोडी वर होती, फोन धरणाऱ्या माणसाकडे.

मग फळं साध्या क्रेटमध्ये भरली. इंदापूरच्या बाजारात भाव कमीच मिळाला, ते लपवत नाही. आडत्याच्या माणसाने विचारलं, "कुठला माल?"

"निरवांगी," मी म्हणालो.

मागून सुनीलचा आवाज आला. "शैलाबाईंच्या बागेतला. लिवा की पुरतं!"

त्या माणसाने तसंच लिहिलं.

सोलापूरचं नाव जपलं जातंय ते बरोबरच आहे. पलीकडच्या लोकांनी ते वर्षानुवर्षं राबून कमावलंय, ते मला उसनं नको. अलीकडच्या डाळिंबालाही कधी नाव मिळेल... न मिळालं तरी शैलाने लावलेली झाडं पुढच्या बहरालाही फळं देतील, आणि ती कुठली हे मी खरं सांगू शकेन.

सुनील, मनात राग असूनही इंदापूरपर्यंत टेम्पो तूच चालवलास. हे तुला समोर सांगायला त्या दिवशी जमलं नाही... म्हणून इथे लिहिलं.