जव्हारच्या वाचनालयाची दुरुस्ती

परवा आमच्या कॉलेजचे ग्रंथपाल घरी आले. लायब्ररीचं नूतनीकरण काढलंय. हातात दोन पानी यादी. टेबलं किती, कपाटं उघडी की कुलपाची, मुलींना वेगळी जागा द्यायची का, नवी पुस्तकं कोणी निवडायची... "सर, तुम्ही हे पूर्वी केलंय, म्हणून विचारतो," म्हणाले.

केलंय खरं. संस्थान विलीन झालं, त्यानंतरच्या वर्षांत इथल्या जुन्या वाचनालयाची दुरुस्ती निघाली. मी शाळेत नवाच मास्तर होतो. अक्षर बरं म्हणून कमिटीचा चिटणीस झालो. पण ग्रंथपालांच्या एकाही प्रश्नाला मला सरळ उत्तर देता येईना. प्रश्न ऐकला की किस्साच आठवायचा! दुरुस्तीचं हे असंच. भिंतीचा एक पोपडा काढायला जावं, तर शेजारचे चार सुटून हातात येतात. शेवटी त्यांनी पेनाला टोपण लावलं आणि चहा घेत ऐकत बसले.

*

पहिलं भांडण पाटीवरून झालं. दारावर लाकडी पाटी होती, 'दरबार वाचनालय'. मामलेदारसाहेब घाटावरून नुकतेच बदलून आलेले, भलते उत्साही. म्हणाले, "दरबार संपला. आता 'सार्वजनिक' लिहा."

पाटीला रंग दिला, वर नवं नाव घातलं. मग पावसाळा लागला. जव्हारचा पाऊस तो! सप्टेंबरात वर बघतो, तर 'सार्वजनिक'च्या पोटातून 'दरबार' डोकावतोय. पुन्हा रंग. पुढच्या वर्षी पुन्हा तेच.

साहेब वैतागले. शेजारी दाजीबा उभे होते. दाजीबा म्हणजे दरबारच्या काळापासून वाचनालय सांभाळणारे गृहस्थ. काळी टोपी, बोलणं कमी.

"साहेब," ते म्हणाले, "विलीनीकरण कागदावर झालं. लाकडावर व्हायला वेळ लागणार!"

*

दाजीबांकडे कपाटांच्या किल्ल्यांचा जुडगा असायचा. वाचकाने चिठ्ठीवर पुस्तकाचं नाव लिहायचं, मग दाजीबा कुलूप उघडणार, पुस्तक काढणार, फडक्याने पुसून हातात देणार.

साहेबांना हे पसंत नव्हतं. "आता लोकांचं राज्य आहे. कुलपं काढा. लोक आपल्या हातांनी पुस्तकं घेतील."

दाजीबांनी जुडगा टेबलावर ठेवला. "काढतो. फक्त ते लोक कोण, ते एकदा दाखवा."

साहेबांनी खोलीभर नजर फिरवली. खोलीत आम्ही तिघंच होतो.

*

मग साहेबांनी हट्टच धरला. बाजाराच्या दिवशी साखरशेत, पोशेरा, कुठून कुठून माणसं जव्हारला येतात, त्यांना आत बोलवायचं. निदान कोणी वर्तमानपत्र वाचून दाखवलं तर ऐकतील. त्यासाठी डझनभर खुर्च्या करायला भिकू सुताराला सांगितलं.

खुर्च्या झाल्या. माणसंही आली. पण आली ती भिंतीला पाठ लावून उभी राहिली. फार आग्रह केला तेव्हा जमिनीवर बसली, खुर्च्यांच्या पायांना टेकून!

साहेब भिकूवर घसरले. "खुर्च्यांत काही दोष आहे का?"

"नाही साहेब," भिकू म्हणाला. "पण मला किती ते सांगितलंत. बसणार कोण, ते सांगितलंच नाहीत."

त्याने आपल्याच डोक्याने भिंतीलगत वीतभर उंचीचा लांबलचक लाकडी ओटा करून दिला. पुढच्या बाजाराला तो गच्च भरला. महिन्याभराने दुपारी मी सहज आत डोकावलो. ओट्यावर एकच माणूस होता. बूट काढून, मांडी घालून, पेपर वाचत बसलेला. मला बघून मामलेदारसाहेब गडबडीने उठायला लागले. मी म्हटलं, "बसा बसा. सार्वजनिक आहे!"

*

बायकांचा प्रश्न तर तीन मीटिंगा चालला. वेगळी खोली हवी, पडदा हवा, पडदा नको, दार मागचं हवं. शेवटी ठरलं की बुधवारी दुपारी दोन तास फक्त बायकांसाठी. दोन महिने एकही बाई फिरकली नाही. कमिटीने निष्कर्ष काढला, "इथल्या बायकांना वाचनाची आवड नाही."

मुलींच्या शाळेत इंदूताई म्हणून शिक्षिका होत्या. त्या आल्या आणि दारातूनच म्हणाल्या, "उन्हाळ्यात दुपारी विहिरीवर नंबर लागतात. तुमच्यापैकी कधी कोणी पाणी भरलंय?"

कमिटीतल्या कोणीच भरलं नव्हतं.

इंदूताईंनी कापडी पिशवीत आठ-दहा पुस्तकं घेतली आणि घरोघर नेऊन दिली. चिठ्ठी घेतल्याशिवाय पान न हलू देणाऱ्या दाजीबांच्या डोळ्याला पंधरा दिवस डोळा नव्हता. पुस्तकं परत आली तेव्हा ते एकेक उलगडून बघायला लागले. एका कादंबरीच्या पानापानावर हळदीच्या बोटांचे ठसे! मला वाटलं, आता इंदूताईंचं काही खरं नाही.

दाजीबांनी ती शेवटपर्यंत चाळली. मग शेजारी ठेवलेलं, साहेबांकडून परत आलेलं कोरंकरकरीत पुस्तक उचललं. छापखान्यातून जोडून आलेली त्याची निम्मी पानं अजून कापलेलीसुद्धा नव्हती.

"ताई," ते म्हणाले, "हळद शेवटच्या पानापर्यंत आहे. यांना दुसरं पुस्तक नेऊन द्या."

*

नवी पुस्तकं वरून यायची. एकदा मोठी पेटी आली. आम्ही हौसेने फोडली. आत निघाली समुद्रातल्या मासेमारीची पुस्तकं! जाळी कशी विणावी, होडीला डांबर कसं लावावं. जिल्हा एक, त्याला किनारा आहे, म्हणून डोंगरातल्या तालुक्यांनाही सारखी वाटणी.

साहेब म्हणाले, "आलीच आहेत तर नोंदवून घ्या."

दाजीबांनी नोंद केली. शेरा लिहिला, 'पुस्तके मिळाली. समुद्र येणे बाकी.'

*

हसू नका, याच दाजीबांची नोकरी जायची वेळ आली होती. संस्थानच्या माणसांना नव्या राज्यात सामावून घ्यायचं म्हणून छापील फॉर्म आले. त्यात एक रकाना होता, 'शिक्षण'. दाजीबा मराठी चौथी. त्यांच्या जागेला मॅट्रिक हवा होता.

फॉर्म मी भरत होतो. त्या रकान्याशी येऊन माझा हात थांबला. दाजीबा समोर उभे. टोपी काढून हातात धरलेली. त्यांना टोपीशिवाय मी पहिल्यांदाच बघत होतो.

"जे आहे ते लिहा मास्तर," ते म्हणाले. "खोटं लिहू नका. या वयात कुठे जाणार, ते मी बघेन."

साहेब ऐकत होते. ते उगाचच म्हणाले, "दाजीबा, ते परवाचं शेतसाऱ्याबद्दलचं पुस्तक जरा आणता?"

दाजीबा गेले आणि तीन पुस्तकं घेऊन आले.

"मी एकच मागितलं."

"हे तुम्ही मागितलेलं. हे त्याच्या विरुद्ध लिहिलेलं. आणि हे जुनं, ज्यातून दोघांनीही उतरवलंय."

साहेबांनी माझ्या हातातला फॉर्म ओढून घेतला. 'शिक्षण'पुढे स्वतःच्या अक्षरात लिहिलं, 'पुरेसे'. आणि सही ठोकली.

वर कोणी तो फॉर्म वाचला की नाही, देव जाणे. दाजीबा शेवटपर्यंत नोकरीत राहिले.

*

आणि हा शेवटचा किस्सा महादूचा.

महादू पोशेऱ्याचा. थोडी भातशेती, थोडी नाचणी. वाचायला येत नव्हतं. कचेरीत कसलंसं काम होतं, साहेब जागेवर नव्हते, म्हणून तो वाचनालयात येऊन बसला. मी पुस्तकं लावत होतो. थोड्या वेळाने बघतो, तर तो उठून कोपऱ्यातल्या नव्या कपाटाच्या उभ्या फळीवरून हात फिरवतोय. गुराच्या पाठीवरून फिरवावा तसा. एका गाठीशी त्याचा हात थांबला.

"मास्तर, हा माझा हाय."

"काय तुझं?"

"हा साग. ही कुऱ्हाड माझी लागलेली हाय. दोन घाव. बघ."

गाठीजवळ खरंच दोन खुणा होत्या. भिकूच्या रंध्याने त्या गेल्या नव्हत्या.

मग त्याने सांगितलं. संस्थानच्या काळात सागाला हात लावायची बंदी होती. याने नवं घर उभारायला, मधल्या खांबासाठी, एक साग पाडला. राखणदाराने पकडला. ओंडका जप्त झाला, आणि तो जव्हारला महादूनेच आणून टाकायचा, असा हुकूम झाला. त्याने आपल्याच बैलांनी तो घाट चढवला.

"मग घर?"

"किंजळाच्या लाकडाच्या खांबावर उभा केला. वाकला थोडा. पण हाय."

जप्तीचं लाकूड वर्षानुवर्षं कचेरीच्या आवारात पडून होतं, ते आम्ही कपाटांसाठी मागून घेतलं होतं. मागताना ते कोणाचं, असं मी विचारलंच नव्हतं. मला वाटलं, आता हा परत मागणार. मागितलं असतं तर मी काय उत्तर देणार होतो, ते मला आजही ठाऊक नाही.

त्याने मागितलं नाही. कपाट वरपासून खालपर्यंत बघितलं आणि विचारलं, "यात काय ठेवलास?"

मी फळ्यांकडे बघितलं. माझी मांडणी विषयवार होती. त्या कपाटात जंगलाचे कायदे आणि जुने हुकूम होते. खोटं सांगता आलं असतं. त्याला वाचता कुठे येत होतं?

"कायद्याची पुस्तकं," मी म्हणालो. "जंगलाच्या कायद्याची."

महादूने पुन्हा फळीवर हात ठेवला.

"काढ," तो म्हणाला. "दुसरा कायतरी ठेव."

"काय ठेवू?"

"पोरांचा कायतरी असंल ना?"

दाजीबा टेबलाशी होते. त्यांनी मान वर करून आमच्याकडे बघितलं, पुन्हा खाली घातली. त्यांनी चिठ्ठी मागितली नाही, कमिटीचा ठराव मागितला नाही. मी कपाट रिकामं करायला घेतलं. एकट्याला जमेना, म्हणून महादूने दोन्ही हात पुढे केले. मी त्याच्या हातांवर जंगलाचे कायदे रचत गेलो, पार हनुवटीपर्यंत.

"हे कुठं ठेवू?" त्याने विचारलं.

"ठेव तिथेच, जमिनीवर."

त्याने खाली बघितलं, पण तो वाकला नाही.

"जमिनीवर नको, मास्तर," महादू म्हणाला. "वाळवी लागंल."