माशांसाठी वाढवलेली धार

लातूरला माझी बदली झाली तेव्हा बायको किनवट तालुक्यातल्या एका आश्रमशाळेत शिक्षिका होती. ती आणि आमची मुलगी तिथंच क्वार्टरमध्ये राहायच्या. त्याआधी मी नांदेडला होतो. शनिवारी कचेरी सुटली की गाडीत बसायचं आणि जेवायला घरी. लातूरहून ते जमेना. नांदेडला गाडी बदलून पोचेपर्यंत रविवार निम्मा सरायचा, आणि पोचलो की परतीच्या गाडीचीच घाई. मग महिन्यातून एकदा जायचं ठरवलं. पुढं पुढं तेही चुकायला लागलं.

नवा जिल्हा, नवी कचेरी, ओळखीचं कुणी नाही. दोन खोल्या भाड्यानं घेतल्या होत्या, वरच्या मजल्यावर. खाली घरमालकीण एकट्याच राहायच्या. साठीच्या आसपासच्या, विधवा. मी त्यांना काकू म्हणायचो. संध्याकाळी कुलूप काढून आत शिरलं की सकाळी जिथं टॉवेल टाकला तिथंच तो पडलेला असायचा. कुणीच काही हलवलेलं नसायचं. त्याचा मला हळूहळू त्रास व्हायला लागला. म्हणून हिवाळ्यात एक दिवस बाजारातून काचेची छोटी टाकी आणि सोनेरी मासे घेऊन आलो. घरात काहीतरी हलतं असावं, एवढंच.

तेव्हा पुढं काय वाढून ठेवलंय याची कल्पना नव्हती. पाऊस कमी झालेला होताच. उन्हाळा लागला तसे नळाला पाणी यायचे दिवस लांबत गेले, आमच्या गल्लीतला बोअर आटला, आणि टँकर आला की बायामाणसं घागरी घेऊन पळू लागली. रेल्वेनं पाणी येणार, अशी चर्चा सुरू झाली. खोलीतला कूलर कोरडाच उभा होता. त्यात पाणी ओतायची कुणाची छाती नव्हती.

एका सकाळी काकू जिन्यात थांबल्या. "भाऊ, राग मानू नका. लोकांला प्यायला न्हाई, अन् तुमी माशाला पाणी घालून राहिलात. बरं दिसत न्हाई ते."

त्यांचं चुकत नव्हतं. मी म्हणालो, "काकू, आजपासून पाणी बदलत नाही. आहे तेच फिरवतो."

"फिरवून जगतील?"

"बघू."

बोलून तर बसलो, पण आठवड्याभरात मासे वर येऊन तोंडं उघडायला लागले. पाणी तापलं की त्यातली हवा कमी होते, हे शाळेत शिकलो होतो. टाकीत एक छोटी मोटर होती. ती बुडून राहायची आणि स्पंजातून पाणी ओढून बाहेर टाकायची. पण धार करंगळीएवढीही नव्हती. पाण्याचा वरचा थर जागचा हलत नव्हता. मोठी मोटर आणावी म्हणून दुकानाकडं गेलो, तर शटर खाली. शेजारचा पानवाला म्हणाला, "गावाकडं गेला तो. या सालात मासे कोण घेतंय?"

मग आहे त्याच मोटरीला हात घातला. प्लग काढला, ती बाहेर घेतली, पुढचं झाकण ओढलं. आत बोटभर लांबीचं चुंबक आणि त्याच्या टोकाला इवलीशी पाती. बोअरच्या पाण्याचा पांढरा क्षार सगळीकडं बसला होता. लिंबाच्या रसात ती भिजत घातली, जुन्या ब्रशनं घासली. धार थोडी वाढली. मग स्क्रूड्रायव्हर गॅसवर तापवून पाणी ओढायच्या फटी रुंद केल्या. बारीक नळी काढून जाड, आखूड नळी बसवली. आणखी थोडी वाढली. पण अजून पुरेशी नव्हती.

शेवटी पात्यांना हात घातला. जुनं एटीएम कार्ड कात्रीनं कापून त्याचे चिमुकले तुकडे पात्यांच्या टोकांना चिकटवले. पहिल्या वेळी पाती कडेला घासून अडकली. ते तुकडे काढून पुन्हा बसवले, तर एक बाजू जड झाली आणि मोटर दळणाच्या गिरणीसारखी गुरगुरायला लागली. फरशीवर घासून घासून ते तुकडे सारखे करत बसलो होतो, तेवढ्यात बायकोचा फोन आला.

"काय करून राहिलात?"

"मोटरची पाती घासून राहिलो."

ती हसली. लई दिवसांनी हसली. मग म्हणाली, "जेवलात का?"

"जेवतो."

त्या संध्याकाळी मोटर नीट चालली. चालली ती इतकी जोरात, की मासे कोपऱ्यात जाऊन दबून राहिले, शेपट्या आडव्या. घाईनं नळीचं तोंड वर वळवलं. धार पाण्याच्या पृष्ठभागाला खालून धडकायला लागली, पाणी फुटून पुन्हा खाली पडू लागलं. थोड्या वेळानं मासे कोपरा सोडून मध्ये आले. मुलीला फोन लावला आणि तो टाकीजवळ धरला.

"ऐकू येतंय का?"

"हाव पप्पा. ओढ्यासारखं वाटतंय."

मे महिन्यात त्या दोघी लातूरला राहायला येणार होत्या. मुलीला मासे बघायचे होते. सुट्ट्या लागायच्या आधी काकू वर आल्या, दारातच उभ्या राहिल्या. "भाऊ, लेकरू येतंय, मला काय जड न्हाई. पर पाण्याचा ड्रम एकच हाय. चौघांला कसा पुरायचा?" त्यांनाच बोलताना अवघड झालं होतं.

मी बायकोला फोन केला. "यंदा येऊ नका."

ती म्हणाली, "मग तुम्ही या. इथं विहिरीला पाणी हाय."

टंचाईच्या कामामुळं आमच्या रजा बंद होत्या. तिला ते ठाऊक होतं. मला ठाऊक होतं की तिला ठाऊक आहे. तरी तिनं बोलावलं, आणि तरी मी कारण सांगितलं.

कचेरीत त्या वेळी एक गोष्ट रंगायची. उदगीरचे एक सहकारी होते, ते म्हणायचे, "उदगीर जिल्हा होणारच." मी म्हणायचो, "आधी किनवट." सगळे हसायचे. मी मात्र मनातून बोलायचो. किनवट जिल्हा झाला तर तिथं कचेऱ्या उघडतील, माणसं लागतील, आणि मी अर्ज करीन. बायकोला हे सांगितलं की ती म्हणायची, "होईल तेव्हा होईल." मी विषय बदलायचो.

मे संपता संपता एके दिवशी दुपारभर वीज गेली. मी एका गावी टँकरच्या कामाला गेलो होतो. सारखे मासेच आठवत होते. संध्याकाळी परत आलो तर माझं दार उघडं. काकूंकडं दुसरी किल्ली असायची. त्या टाकीपाशी स्टुलावर बसल्या होत्या. पेल्यानं पाणी उचलायचं आणि वरून परत आत सोडायचं, उचलायचं आणि सोडायचं, असं त्यांचं चाललं होतं. हात कोपरापर्यंत भिजलेले, पदर ओला.

"आवाज बंद झाला," त्या म्हणाल्या. "रोज खाली ऐकू येतो न्हवं. एकदम सुनं झालं, म्हणून आले."

"कधीपासून बसलात?"

"काय म्हाईत. हात भरून आले." त्यांनी बादलीकडं बोट दाखवलं. मेलेले मासे त्यांनी वेगळे काढून ठेवले होते. टाकीत दोनच फिरत होते. "समदे न्हाई वाचले, भाऊ."

मी त्यांच्या हातातला पेला घेतला. वीज येईपर्यंत मग आम्ही आळीपाळीनं पाणी ओतत राहिलो. त्यांनी पहिल्यांदाच मला घरच्यांबद्दल विचारलं, आणि मी बोलत राहिलो. इतकं मी लातुरात कुणाशीच बोललो नव्हतो.

रजा पुन्हा मिळायला लागल्या तसे ते दोन मासे झाकणाच्या बादलीत घालून निघालो. एसटीत बादली पायांत धरली. मधून मधून झाकण उघडून पेल्यानं पाणी वरून सोडायचो.

शेजारच्या गृहस्थांनी डोकावून पाहिलं. "विकायला?"

"नाही. पोचवायला."

शाळेच्या आवारात सिमेंटचा हौद होता. मुलीनं बादली स्वतः तिरकी केली. मासे क्षणभर तळाशी थांबले आणि मग दोन दिशांना गेले. मोटर नको, वीज नको. वसतिगृहातली पोरं कडेला वाकून बघत होती. बायको माझ्याजवळ येऊन उभी राहिली. म्हणाली, "वाळलात तुम्ही."

सोमवारी मला कचेरीत हजर व्हायचं होतं.

मासे तो पावसाळा जगले. नंतर खंड्या पक्ष्यानं नेले की आणखी काय झालं, मुलीला सांगता येईना. लातूरच्या टाकीत मी पुन्हा मासे सोडले नाहीत. किनवट जिल्हा काही झाला नाही. काही वर्षांनी माझी बदली परत नांदेडला झाली. पण तोवर मुलगी पुढच्या शिक्षणाला पुण्याला गेलेली. पहिल्या शनिवारी घरी पोचलो तेव्हा बायकोनं दोघांपुरत्या भाकरी टाकल्या होत्या. आम्ही समोरासमोर बसून जेवलो. ती भाकरी वाढू का विचारायची, मी हाव म्हणायचो. मी शाळेचं विचारायचो, ती मान हलवायची. इतकी वर्षं फोनवर जेवलात का, एवढंच विचारत आलो होतो. आता समोर ताट होतं, तर ते विचारायचंही कारण उरलं नव्हतं. जेवण झाल्यावर तिनं ताटं उचलली, मी पाण्याचा तांब्या आत नेऊन ठेवला, आणि दोघं बाहेर दारापुढच्या ओट्यावर येऊन बसलो.