महामायेच्या आंब्याचा भुसा

पंचफुला माही धाकटी जाऊ. देऊळघाटाच्या पुढं, जंगलाच्या कडेले आमचं खेडं, अन् तिथं महामाया देवीचा आंबा; त्याची पूजा पंचफुलेकडं. पंचफुलेले लेकरू झालं नाही. लग्नाच्या हळदीले तिले कोणी पुढं बोलवत नसे, पण आंब्याखाली तिच्याच हातचा अंगारा घ्यायले तेच लोक उभे राहत. तिची सारी इज्जत त्या झाडात होती.

दोन सालामागं बुडाशी पिवळसर भुसा पडू लागला. खोडाले भोकं, अन् भोकातून भुसा.

"पाह्य वं बाई, देवीनं आपल्या हातानं अंगारा देल्ला!" पंचफुला म्हणे. तिनं झाडून पुड्या बांधल्या. लोकांनी कपाळाले लावला, कोणी पाण्यात घालून प्याले. मीही गुडघ्याले चोळला. गुडघ्यानं काही ऐकलं नाही.

मग जंगलखात्याचा कुलदीप आला. "काकू, हा अंगारा नाही. आत भिरूड कीड आहे. तिची अळी खोड खाते अन् भुसा बाहेर लोटते. तार घालून अळी काढू, औषधाचा बोळा कोंबू, वरून माती लिंपू. जगते झाड."

पंचफुला भडकली, "देवीच्या अंगात लोखंड घालतं काय बे? तुह्या कानात घालू काय तार?"

कुलदीप गेला. तिनं भोकांवर तेल-शेंदूर थापला. झाड वरून नवरीवाणी दिसे, आत अळ्या निवांत जेवत.

यंदा मोहोर जळाला, फांद्या वाळल्या. तवा पंचफुला स्वतः तार घेऊन कुलदीपकडं गेली. "घाल बापा. देवीले मी समजावते."

त्यानं खोडावर थाप मारली. रिकाम्या कोठीसारखा आवाज आला. "आता कशात घालू काकू? तोडून जाळावं लागते. नाही तर बाजूच्या आंब्यांले कीड लागते."

"सारं?"

"हाव."

खोड फाडलं तशा अंगठ्याएवढ्या पांढऱ्या अळ्या भुईवर सांडल्या. कालचे भक्त तोंडाले पदर लावून म्हणाले, "हेच पाजत होती व्हय आम्हाले, पंचफुले?" लाकूड जळून राख झाली. त्या राखेची चिमूट घ्यायले कोणी आलं नाही.

आता रोज सकाळी ती बाजूच्या आंब्याखाली झाडते. झाडलेलं तळहातावर घेऊन माह्याकडं येते. "पाह्य वं, माती आहे ना ही?"

मले धड दिसत नाही. परवा तिच्या हातावरचं नुसत्या माह्या श्वासानं उडालं. माती अशी उडत नाही.

"हाव," म्हटलं मी. "मातीच आहे."